वरणातली गोळी

माझे वडील सोन्याचे कारागीर होते. दुकानदार नव्हे, कारागीर. हा फरक ते स्वतःच समोरच्याला सांगत. जळगावात सोन्याची दुकानं मोठमोठ्या काचांची. पण तिथे विकली जाणारी मंगळसूत्रं आणि नथी ज्या खोल्यांत घडतात, तिथे एक खिडकी असते आणि पाटावर मांडी घालून बसलेली तीन-चार माणसं. पंखा असतो, पण ज्योत हलू नये म्हणून बहुतेक वेळ बंद. नाना तिथे तीस वर्षं बसले. नथीचं काम त्यांच्यासारखं कुणाचं नाही, असं त्यांचे शेठ म्हणायचे.

नाना आणि माय आपसात अहिराणी बोलत. माझ्याशी मात्र नाना शाळेतली मराठी बोलायचे, जरा जपून, नवे कपडे घातल्यासारखी. मी एकुलती एक. मी शिकावं, पाटावर बसणाऱ्या माणसाच्या घरात जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

दारू आमच्या घरात हळूहळू आली. आधी काम सुटल्यावर, बरोबरच्या लोकांसोबत. मी दहावीला असेपर्यंत तेवढंच होतं. मग एका सकाळी मी पाहिलं, नानांच्या हातातली कपबशी वाजत होती. त्यांनी चटकन ती खाली ठेवली. काही दिवसांनी ते चहा बशीत ओतेनासे झाले, कप दोन्ही हातांनी धरून प्यायला लागले. नंतर कामावर जाताना ते वाटेवरच्या गल्लीत शिरून देशीच्या दुकानावरून जायला लागले. मायने विचारलं तर म्हणाले, "हात थांबत नाहीत त्याशिवाय." माय म्हणायची बहाणा आहे. पण ते खोटं बोलत नव्हते. इतकी वर्षं दारू मुरलेल्या शरीराला ती वेळेवर मिळाली नाही की हात कापतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. सकाळचा पहिला घोट घेतला की तासभर त्यांचे हात पहिल्यासारखे चालायचे. नंतर तो तासही कमी कमी होत गेला. शेठने नथीचं काम काढून घेतलं आणि त्यांना पॉलिशला बसवलं. त्या दिवशी ते घरी आले आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी तेव्हा फार्मसीच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या वर्षी दिवाळीनंतर नानांना टायफॉईड झाला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते चादरीवरून काहीतरी वेचायला लागले. म्हणाले, मणी सांडलेत. भिंतीवर त्यांना मुंग्या दिसत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "हे किती पितात?"

"कधीमधी," माय म्हणाली.

मी खरं सांगितलं. डॉक्टरांनी लगेच सलाईनमधून औषध सुरू केलं. अशी रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर फिट येऊ शकते, माणूस दगावूही शकतो, हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. तीन दिवसांनी नाना शुद्धीवर आले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "शरीरातून दारू निघाली आहे, ही चांगली वेळ आहे. यांना मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. ते समजावतात, आधी तपासण्या करतात आणि गरज असेल तर गोळ्याही देतात."

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मायने ती चार घड्या घालून पर्समध्ये ठेवली. रिक्षात बसल्यावर हळूच मला म्हणाली, "ते काय वेडे आहेत का?" ती चिठ्ठी पुन्हा कुणी उघडली नाही.

दोन दिवसांनी चाळीसगावहून मावशीचा फोन आला. तिच्या शेजारणीने नवऱ्याला न सांगता जेवणातून गोळी देऊन त्याची दारू सोडवली होती. माय माझ्यासमोर येऊन बसली. "तू तर औषधांचंच शिकतेस. अशी गोळी असते?"

असते. ती मला माहीत होती. आणि ती रुग्णाला नकळत कधीही देऊ नये, हेही माहीत होतं. सहामाही परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता. मी तो बरोबर लिहिला होता आणि त्याचे गुण मला मिळाले होते. मी मायला म्हटलं, "त्यांना सांगून द्यावी लागते. ही पोटात असताना दारू प्यायली तर फार त्रास होतो."

"त्रास होईल म्हणूनच तर पिणार नाहीत."

"पण माहीत नसेल तर पितील ना माय."

माय म्हणाली, "सांगितलं तर घेणारच नाहीत. आत्ता सुटल्यासारखी आहे. पुन्हा लागली तर मी काय करू, तूच सांग."

मी ज्या मेडिकलमध्ये शिकाऊ म्हणून जात होते तिथून दुसऱ्या दिवशी त्या गोळ्यांचं एक पाकीट आणलं. मालकांना म्हटलं, चिठ्ठी नंतर आणून देते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

माय सकाळी गोळी खलात बारीक करायची आणि नानांच्या वाटीतल्या वरणात ढवळायची. वर लसणाची चरचरीत फोडणी. "त्यासले सांगू नको," एवढंच ती पहिल्या दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाना जेवता जेवता थांबले. "तोंडात तांब्याची चव येते गं," ते मला म्हणाले. धातूची चव त्यांना कळायची. माय म्हणाली, तापाने तोंड बिघडलंय. नानांनी मान डोलावली आणि वाटी पुसून खाल्ली.

ते दिवस आमच्या घरातले फार चांगले दिवस होते, हे मला आजही नाकारता येत नाही. नाना सहाला घरी यायचे. येताना कधी केळी, कधी भाजलेल्या शेंगा. एका संध्याकाळी त्यांनी माझी वही ओढून घेतली आणि मागच्या पानावर पेन्सिलीने नथीचं चित्र काढलं. रेघ कुठेही थरथरली नव्हती. ती वही त्यांनी मायला दाखवली, मग पुन्हा मला दाखवली. शेठने त्यांना एक नथ करायला दिली. माय आणि मी स्वयंपाकघरात एकमेकींकडे बघून हसायचो. गोळी लागू पडली, असं आम्हाला वाटत होतं.

पुढच्या रविवारी बोदवडला नानांच्या एका सोबत्याच्या मुलीची हळद होती. सकाळच्या पॅसेंजरने ते गेले. त्या दिवशीही वरणात गोळी होतीच. माय म्हणाली, आज तर हवीच, तिथे लोक आग्रह करतील.

दुपारी दोनच्या सुमारास फोन आला. नानांना अटॅक आलाय, गाडीतून जळगावला आणतोय.

आम्ही दवाखान्याच्या दारात उभ्या होतो. गाडीतून उतरवलं तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. चेहरा, मान, छाती सगळं लालभडक, डोळे तांबरलेले. शर्ट ओकारीने भरला होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. बरोबर आलेले गृहस्थ रडकुंडीला आले होते. "एकच ग्लास हो वहिनी. मीच म्हटलं, पोरीची हळद आहे, एक घ्या. दहा मिनिटांत असं झालं."

ड्युटीवर एक डॉक्टरीण होत्या, तिशीच्या आसपासच्या. त्यांनी ईसीजीच्या तारा लावायला सांगितल्या. रक्तदाब पाहून म्हणाल्या, फार खाली जातोय. मग आमच्याकडे वळल्या. "यांना कुठलं औषध चालू आहे?"

"कुठलंच नाही," माय म्हणाली.

मी तिच्या शेजारी उभी होते. ईसीजीचा कागद मशीनमधून सरकत बाहेर येत होता. तो पूर्ण बाहेर येईपर्यंत मी गप्प राहिले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, एखादं मिनिट असेल. पण माझे वडील समोर श्वासासाठी तडफडत होते, मला कारण माहीत होतं आणि मी तो कागद बघत उभी होते. मायने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी ते सोडवलं, डॉक्टरणीपाशी गेले आणि गोळीचं नाव सांगितलं.

डॉक्टरणींनी मला विचारलं, "त्यांना माहीत होतं?"

"नाही."

त्या वळल्या, नर्सला भराभर सूचना दिल्या, ऑक्सिजन लावला, दुसऱ्या हातालाही सलाईन लावलं. आम्हाला बाहेर काढलं.

उन्हं कलताना त्या बाहेर आल्या. धोका टळला होता. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं आणि मायला समजेल असं सांगितलं. "दारू पोटात गेली की शरीरात तिचं एक विष बनतं. एरवी लिव्हर ते मोडून टाकतं, म्हणून माणसाला कळत नाही. ही गोळी ते विष मोडूच देत नाही. ते रक्तात साठतं. माणूस लाल होतो, ओकतो, छाती धडधडते, रक्तदाब पडतो. काही जण वाचत नाहीत. आणि यांचं लिव्हर आधीच खराब आहे, सोनोग्राफीत दिसतंय. अशा लिव्हरला ही गोळी द्यायच्या आधी दहा वेळा विचार करतात." मग म्हणाल्या, "त्यांना सांगावं लागेल. गोळीचा असर अजून दोन आठवडे राहील. तोवर दारूचा थेंबही चालणार नाही, खोकल्याचं औषधसुद्धा विचारून घ्यायचं. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगते," मी म्हटलं. पण सांगितलं मायनेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आत गेलो तेव्हा नाना उशीला टेकून बसले होते. तोंडावरचा लालपणा गेला होता. त्यांना बहुतेक अंदाज आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, मायला विचारलं, "मन्हा जेवनमा काय घालं व्हतं?"

"दारू सुटाले पाहिजे म्हनीसन..." माय म्हणाली. मग तिने पदर तोंडाला लावून सगळं सांगितलं. मावशीचा फोन, खल, वरण. गोळी कुणी आणली हे तिने सांगितलं नाही. ते मी सांगितलं.

नाना ओरडले नाहीत. मला वाटलं होतं, ओरडतील. ते खिडकीतून बाहेर रिक्षांकडे बघत बसले. मग म्हणाले, "एकोणीस दिन व्हयनात माले."

आम्हाला कळलं नाही. ते माझ्याकडे वळले आणि त्यांच्या त्या जपून बोललेल्या मराठीत म्हणाले, "दवाखान्यातून घरी आल्यापासून एकोणीस दिवस मी स्वतः थांबलो होतो. रोज त्या देशीच्या दुकानाच्या गल्लीत शिरायचं नाही म्हणून रेल्वे फाटकावरून जायचो. कुणाला बोललो नाही. म्हटलं, महिना होऊ दे, मग सांगू." मग म्हणाले, "काल चुकलो. एक घेतली, ते माझं चुकलं. पण ते एकोणीस दिवस माझे होते. आता तेही कुणाचे म्हणायचे?"

गोळीने दारूची ओढ कमी होत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. गोळी फक्त शिक्षा करते, तीही दारू प्यायल्यावर. म्हणजे एकोणीस दिवस त्या गोळीने काहीच केलं नव्हतं. जे केलं ते नानांनी केलं होतं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात हसत होतो ते त्यांच्या कष्टावर, आणि श्रेय देत होतो खलातल्या पुडीला.

घरी आल्यावर पहिल्या दुपारी मायने ताट वाढलं. नाना ताटासमोर बसले, पण हात लावेनात. माय उभी राहिली. ते म्हणाले, "तू पहिले खाय."

माय खाली बसली. तिने त्यांच्या ताटातली भाकरी मोडली, त्यांच्या वाटीतल्या वरणात बुडवली आणि खाल्ली. भाजीचा घास घेतला. मग त्यांनी ताट ओढलं. आयुष्यभर त्यांचं झाल्याशिवाय न जेवलेली माझी माय त्या दिवसापासून रोज दोन वेळा त्यांच्या ताटातला पहिला घास घ्यायची. त्यात राग नव्हता, सूडही नसावा. नानांना खरोखरच घास गिळता येत नव्हता. पाहुणे आले की माय ताट आधी स्वयंपाकघराच्या दाराशी धरायची आणि त्यांना दिसेल असा घास तोंडात टाकायची. वरण मात्र तिने करणं सोडलं. नंतर कधी केलंच तर फोडणीशिवाय.

पंधरा दिवस त्यांनी दारूला हात लावला नाही. मग पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा जास्त. मी समोर बसून विनवलं, चांगल्या डॉक्टरांकडे जाऊ, सगळं तुम्हाला विचारून करू. ते म्हणाले, "तुझं शिक्षण पूर्ण कर." लिव्हरसाठी दिलेली औषधंही त्यांनी घेतली नाहीत. आमच्या हातची कुठलीही गोळी ते तोंडात घालत नसत. किराणा दुकानात मिळणाऱ्या अंगदुखीच्या गोळ्या मात्र स्वतः विकत आणून घ्यायचे, उपाशीपोटी, वर दारू. पाठीला फार दुखायचं त्यांच्या. दारू आणि ती गोळी मिळून पोटाचं आतलं अस्तर खातात, हे मी त्यांना सांगितलं होतं. पण मी सांगितलेलं आता कशाला मानायचं, असा विचार त्यांनी केला असेल तर मी काय बोलणार?

मला धुळ्यात एका मेडिकलमध्ये नोकरी लागली. तिसऱ्या वर्षी मायचा फोन आला, नानांना रक्ताची उलटी झाली. त्या वेळी ते वाचले. पोटात पाणी झालं होतं, पाय सुजले होते, डोळे पिवळे. डॉक्टरांनी लिव्हर संपत आल्याचं सांगितलं. मी दोघांना धुळ्याला माझ्या भाड्याच्या घरात आणलं. आणि नानांनी दारू सोडली. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. आल्या दिवसापासून सोडली.

औषधांचा प्रश्न होताच. पहिल्या सकाळी मी पाच पाकिटं घेऊन त्यांच्या पलंगावर बसले. गोळी काढून हातावर ठेवली नाही. पाकीट त्यांच्या हातात दिलं. "हे बघा, हे हिचं नाव. ही पोटातलं पाणी लघवीवाटे काढते. हिने चक्कर येऊ शकते. ही दुसरी, आतल्या शिरांवरचा दाब कमी करते, पुन्हा रक्त पडू नये म्हणून." ते चष्मा लावून अक्षर न् अक्षर लावायचा प्रयत्न करत. कामावर सोन्याचा कस पाहताना जसं तोंड करायचे तसं तोंड करून बघत. मग स्वतः पाकीट फोडून गोळी घेत. रोज. एकाच गोळीचं तेच तेच मी रोज सांगायचे आणि ते रोज ऐकायचे.

त्यांना झोप यायची नाही. एका दुपारी म्हणाले, "तुझ्या दुकानात झोपेची गोळी असते ना? एक आण."

"नाही आणणार."

"आता कसली भीती? दारू तर नाही."

"दारू नाही, पण लिव्हरही नाही, नाना." हे बोलताना मला फार जड गेलं. "ती गोळी शरीरातून निघणार नाही. तुम्ही झोपाल आणि उठणार नाही."

"बरं," ते म्हणाले. मग उशी सरळ करत म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस."

त्यांनी मला कधी माफ केलं असेल तर ते तेवढंच.

ते आठ महिने जगले. शेवटी लिव्हरला मोडता न आलेलं विष मेंदूत जाऊन त्यांना भ्रम व्हायचा. मला कधी शेठच्या घरची मुलगी समजायचे, कधी विचारायचे, पाट कुठे ठेवला. मायला मात्र शेवटपर्यंत ओळखलं. त्या भ्रमात ते पहिल्या घासाचं विसरून गेले. माय भरवायची आणि ते लहान मुलासारखे मुकाट्याने खायचे. एके दिवशी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आता खातात गं माझ्या हातचं." आणि रडायला लागली. आजार वाढला म्हणून ते खात होते, हे तिलाही कळत होतं.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास ते गेले. मी कामावर जायला निघाले होते.

माय आता माझ्याकडेच असते. तिने त्या सगळ्याबद्दल एकदाच विचारलं. वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गच्चीवर वाळवण घालत होतो.

"ती गोळी दिली नसती तर ते वाचले असते का गं?"

मी खरं तेच सांगायचं ठरवलं होतं. म्हटलं, लिव्हर आधीच खराब होतं. दारूशिवाय महिना झाला असता, कदाचित दोन महिने. मग पुन्हा प्याले असते किंवा नसते. मला माहीत नाही, माय.

"आणि त्या चिठ्ठीवरच्या डॉक्टरकडे गेलो असतो तर?"

"तर निदान त्यांना विचारून झालं असतं."

मायने हातातला पापड उन्हात नीट पसरला. खालून शेजारीण तिला हाक मारत होती. "येते," असं तिने खाली सांगितलं, पण बराच वेळ ती उठली नाही.